तोंडात घोट होता

१२ जाने., सोम.
पहिली बस चुकली. विश्रांतवाडी ते वाघोली दोन बस बदलून, पुढं कारखान्यापर्यंत रिक्षा. पोचले तेव्हा ग्लास मांडून झालेले. इशानी घड्याळाकडं बघून हसली. म्हणजे रागावली नाही, एवढंच.

गेल्या वर्षीच्या टाक्यांतल्या चार लाल वाईन चाखल्या. चारही द्राक्षं फ्रान्सच्या पार खालच्या अंगाची, रूसियोंची. तिकडं एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. थोरल्या मालकांनी तिथून काड्या आणवल्या होत्या, त्यांचीच ही लेकरं, आपल्या मुरमात वाढलेली.

ग्रनाश – पिकलं करवंद, गोडसर. तोंडात आल्याबरोबर गप्पा सुरू, पण विषय लवकर संपतो.
सिरा – जांभूळ आणि मिरी. सरळमार्गी.
मूर्वेद्र – ओल्या चामड्याचा वास. वर्षभर पाहुण्यांपुढं आणू नये.
कारिन्यान – आंबट नेमकं. आवळ्याची साल. मागं तुरट, सुपारी चघळल्यासारखी जीभ खरखरीत. दोन वर्षं ठेवली तर घरंदाज होईल.

पूर्वी हे मी माझ्या रजिस्टरात लिहायचे. आता मी सांगते, इशानी टॅबमध्ये भरते. ही नवी वाईनमेकर, कोथरूडची, शिकली तिकडंच, फ्रान्सात. पोरगी गुणी, पण मराठी म्हणजे गणपतीच्या आरतीपुरती. मी कारि.चा दुसरा घोट घेतला आणि नेमकी थुंकायची बादली बाई रिकामी करायला घेऊन गेलेली. गाल फुगवून बसले. एकवीस वर्षांत एक थेंब पोटात गेला नाही, आज कुठून जाऊ देऊ? पंचशील घेतलेलं माणूस. तेवढ्यात इशानी : "मावशी, तुरट म्हणजे बिटर ना? कडू?" मान हलवली. नाही म्हणून. आणि धावत बेसिनकडं. परत आले तर टॅब बंद, ती फोनवर.

येताना मटार घेतले. सूनबाईला सोलायला आवडत नाहीत, मला आवडतात.

२० जाने., मंगळ.
इशानीनं फोनवर रूसियोंचे फोटो दाखवले. वेलींना तार नाही, मांडव नाही. नुसती बुटकी झुडपं, हात वर करून उभी. जमीन पाटीच्या दगडाची, काळी, चपट्या कपच्या. वारा म्हणे असा सुटतो की माणूस तिरकं चालतं, पण त्या वाऱ्यानंच द्राक्षं कोरडी राहतात, कुजत नाहीत. पांढऱ्यांत माकाब्यू आणि मस्कट. मस्कटची गोड वाईन जेवणानंतर छोट्या पेल्यात. म्हटलं, आपल्याकडं बडीशेप.

ती सांगत होती, कारिन्यान तिथल्या लोकांनीच एकेकाळी बांधच्या बांध उपटली. रांगडी म्हणून नाव ठेवलं. आता त्याच म्हाताऱ्या वेली शोधत हिंडतात. मी हसले. सासूबाईंची आठवण झाली, त्यांचंही मोल गेल्यावरच कळलं.

दुपारी प्लॉटवर, दगडूभाऊंकडं. कारि.चा प्लॉट त्यांच्याच हातचा. कलमं त्यांनी बांधली, राहतातही तिथंच, पंपाच्या खोलीत. गेली एकवीस वर्षं माझी भाकरी, त्यांची चटणी. म्हणाले, "ताई, यंदा घड बघ. तू चाखशील तवा कळंल, कारिन्यान काय चीज हाय." घड खरंच देखणे. काळे, गच्च, वर राखेसारखी लव.

९ फेब्रु., सोम.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

गेटातून आत आले तर दगडूभाऊ समोरच उभे. हातात कागद, ऑफिसातून आलेला, इंग्रजी. कुणीतरी वाचून दाखवला होता.

"ताई, माझी द्राक्षं कडू हायेत असं तू लिवलंस?"

मला कळेना. म्हटलं, कोण म्हणतं?

"ह्यो कागद म्हंतो. चाखणार म्हणून तुझं नाव हाय खाली."

कारिन्यानचा माल यंदा तोडायचा नाही. हंगाम संपला की वेली काढायच्या. जागेवर पाहुण्यांसाठी लॉन आणि गाड्या लावायला जागा. कारण : चव कडू.

मी म्हटलं, भाऊ, मी असं म्हणाले नाही. ते म्हणाले, "मंग कागद खोटा व्हय?" आणि वळून गेले. पाठ बघत राहिले. एवढी वर्षं या माणसाची पाठ कधी अशी बघितली नव्हती.

११ फेब्रु., बुध.
इशानीला धरून बसवलं. जानेवारीचं पान उघडायला लावलं. कारि.पुढं एकच शब्द : बिटर.

"मी तुरट म्हणाले होते."
"हो, मी विचारलं ना, तुरट म्हणजे बिटर ना? तुम्ही मान हलवलीत."
"नाही म्हणून हलवली."
"मावशी, तुमची हो ची मान आणि नाही ची मान सेम दिसते."
"तोंडात घोट होता, बाळा. जोरात कशी हलवणार? सांडलं असतं."

मग तिला बेसिनपाशी नेलं. चहाच्या टपरीवरून कच्चं केळं मागवलं, साल चघळायला दिली. हे तुरट. मग मेथीचे चार दाणे. हे कडू. एकानं तोंड आवळतं, दुसऱ्यानं तोंड वाकडं होतं. पोरीचा चेहरा पडला. "ओ गॉड. अॅस्ट्रिंजंट. तिकडं आमचे सर यालाच आप्र म्हणायचे. कारिन्यान आप्रच असते." मग हळूच, "रिपोर्ट तर गुंतवणूकदारांना गेला."

गेला तर गेला. दुसरा पाठव.

"माझं प्रोबेशन चालू आहे, मावशी."

तिच्यावर रागावता येईना. माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी. पण राग आला. घरी येऊन भांडी जोरात घासली. सूनबाई म्हणाली, "आई, ज्यूस कंपनीत काही झालं का?" सोसायटीत तिनं तेच सांगितलंय. सासू ज्यूस कंपनीत आहे.

१३ फेब्रु., शुक्र.
धाकट्या मालकांकडं गेले. इशानीही आली मागं, हे तिचं मोठेपण.

धा. मा. : "बसा मावशी. चहा? मग? एका शब्दावरून एवढं?"
मी : "एका शब्दावरूनच प्लॉट चाललाय."
"तुरट काय, कडू काय. गिऱ्हाइकाला गोड हवं असतं."
"मग सरबत काढा."

हसले. हसतात छान, थोरल्यांसारखेच. थोरल्यांची गोष्ट वेगळी. मी बाटल्या धुवायला लागले होते, सातवी पास. एकदा धुता धुता म्हटलं, या पेटीला ओल्या पोत्याचा वास येतोय. बूच खराब निघालं, सगळी पेटी. त्या दिवसापासून त्यांनी मला टेबलापाशी बसवलं. जीभ शिकवायला कुणी आलं नाही. रोज दोनशे वास हुंगले आणि घरच्या डब्यांशी जुळवले, एवढंच शिक्षण.

शेवटी एवढं पदरात पडलं की मार्चमध्ये मुंबईहून परीक्षक येणार, त्यांच्यासमोर तीच टाकी पुन्हा चाखू. कडू नाही निघाली तर वेली राहतील. हे त्यांच्या तोंडचं, इशानी साक्षीला. माल मात्र यंदा तोडायचा नाही, तो निर्णय झाला म्हणे.

लगोलग प्लॉटवर गेले. दगडूभाऊंना सगळं सांगितलं, मान, घोट, बादली. ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. बघू मंग." चटणी पुढं केली नाही.

२ मार्च, सोम.
घड वेलीवरच सुरकुतलेत. बुलबुल सकाळपासून पंगतीला. खाली मधमाश्या, आंबूस वास. दगडूभाऊ काठी घेऊन बसलेले, पण हाकलत नव्हते.

मी बाजरीची भाकरी नेली होती, तीळ लावून. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. तुम्ही खावा."

तुम्ही. बाई. एकवीस वर्षं ताई आणि तू. पुण्यातल्या माणसानं अहोजाहो केलं तर मी हिशेबात धरत नाही, इथं शेजाऱ्याला हाकलतानाही आपण म्हणतात. पण भाऊंच्या तोंडून…

भाकरी परत आणली. कुत्र्यालाही घातली नाही. रात्रीच्या जेवणाला मीच खाल्ली.

१० मार्च, मंगळ.
गेले नाही. गुडघा. दिवसभर रजिस्टर काढून बसले. पहिल्या कारिन्यानबद्दल माझंच लिहिलेलं : 'वैशाखात डोंगरावर गवत तापतं, त्यात रानतुळशीच्या मंजिऱ्या, तसा वास. चव उद्धट. माणूस चांगला.' त्यावर थोरल्या मालकांच्या पेन्सिलीनं : 'बरोबर. तिकडेही असेच आहे.' कधी तिकडं गेले नाही, जाणारही नाही, पण तेवढ्या दोन वाक्यांत जाऊन आल्यासारखं वाटलं होतं.

परीक्षक २० ला. तुरट हा शब्द इंग्रजीत पाठ केला. अॅस्ट्रिंजंट. अॅस्ट्रिंजंट. सूनबाई म्हणाली, नवीन क्रीम आहे का?

२० मार्च, शुक्र.
लिहायला हात होत नाही. तरी.

खोलीत धा. मा., परीक्षक, इशानी, मी. दगडूभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी दारात उभे होते, टोपी हातात. अंगावर इस्त्रीचा सदरा.

ग्लास आला. रंग बघितला. कडेला विटकरी. नाकाला लावला. कापलेलं सफरचंद काळं पडल्यावर येतो तो वास. तोंडात घेतली. पुढं काही नाही. मधे काही नाही. शेवटी जिभेच्या मुळाशी काडेचिराईत. कडू. निखळ कडू.

फिरवत राहिले तोंडात. कुठंतरी तो आवळा सापडेल, ती सुपारी सापडेल. नव्हती.

परीक्षकांनी अजून ग्लास उचलला नव्हता. सगळे माझ्याकडं बघत होते. एक शब्द म्हणायचा होता, जो महिनाभर मीच सगळ्यांना शिकवत होते, पाठ करून आले होते. म्हणाले असते तर कदाचित खपलंही असतं. भाऊंची बोटं टोपीवर फिरत होती.

थुंकले. म्हटलं, "कडू आहे."

धा. मा. : "म्हणजे जानेवारीत बरोबरच होतं की."

मी म्हटलं, थांबा, ही बिघडलेली आहे, बिघडवलेली आहे, मला टाकी बघू द्या. दाराकडं वळले तर दार रिकामं. पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

२१ मार्च, शनि.
काल टाकीवर चढले शेवटी. सूनबाईला कळलं तर मला घरात कोंडेल. शिडीवर, या गुडघ्यानं. झाकण उघडलं. टाकी अर्धीच. वर पांढरी साय.

टाकी काठोकाठ ठेवायची असते. मधे हवा राहिली की वाईन सडायला लागते. इतकी साधी गोष्ट. दूध उघडं ठेवण्यासारखी.

इशानी खाली उभी. जानेवारीत कडू ठरल्यावर अर्धी वाईन काढून स्वस्त मालात मिसळली. उरलेली तशीच. "रिजेक्ट टाकी कोण भरत बसतं, मावशी? मला वाटलं जाणारच आहे."

"आणि फेब्रुवारीनंतर? पुन्हा चाखायचं ठरल्यावर?"

रडायला लागली. विसरले, म्हणाली. मी पदर पुढं केला. काय करणार.

कडू नव्हती, कडू लिहिली, म्हणून कडू झाली.

पण तिलाच का बोलू? तेरा फेब्रुवारीला मी तिथंच होते. टाकी दहा पावलांवर. तेव्हा झाकण उचलून बघितलं असतं तर भरून घेतली असती, वाचली असती. मी शब्दाच्या मागं लागले. केळ्याची सालं चघळायला लावत बसले. एकवीस वर्षं ज्या टाक्यांवर जगले, त्यांतल्या एकीकडं मान वर करून बघितलं नाही. हे भाऊंना सांगायचंय. इतरांनी काय केलं ते नंतर, आधी हे.

२४ मार्च, मंगळ.
प्लॉटवर गेले. खोलीला कडी. पंप चालू होता, म्हणजे जवळच होते. हाका मारल्या. पंपाचाच आवाज. अर्धा तास बांधावर बसून मी परत आले.

परीक्षकांनी लेखी दिलं : माल सदोष, द्राक्षाविषयी मत देता येत नाही. इशानीनं वाचून दाखवलं. म्हणजे द्राक्ष कडू असं त्यांनीही म्हटलेलं नाही. मी कागद घेऊन धा. मां.कडं. म्हणाले, "मावशी, आर्किटेक्टचे नकाशे झालेत."

तेव्हा उमगलं. नकाशे काही चार दिवसांत होत नाहीत. माझा शब्द त्यांना सापडला, एवढंच. खुंटी हवी होती, मी दिली.

पण शब्द दिला होता माणसानं. कडू निघाली नाही तर वेली राहतील. आणि निघाली कडू. कायद्यानं सगळं बरोबर.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. सकाळी पांढरी साडी, विहारात. गल्लीत निळे झेंडे, ढोल, पोरांचा सरबताचा स्टॉल. नातीनं भाषण केलं, दोनदा अडली, टाळ्या जास्त मिळाल्या.

पंचशील म्हणताना चौथं जरा सावकाश म्हटलं. खोटं न बोलण्याचं शील. पाचव्याचीच काळजी केली मी आजवर, दारूचं म्हणून. लोक विचारायचे, वाईनच्या कारखान्यात आणि बौद्ध? मी म्हणायचे, थुंकते, गिळत नाही. चौथ्याचा कधी विचारच करावा लागला नव्हता. यंदा ते पाळलं, आणि पाळल्याचं सुख काडीचं नाही.

दुपारी इशानीचा फोन. जेसीबी १६ ला सकाळी. आणि, "मावशी, दगडूकाका कालपासून छाटणी करतायत. कुणी सांगितलं नाही त्यांना. मी सरांना कळवू का?"

म्हटलं, तुला काय दिसलं?

"काही नाही दिसलं."

शहाणी होत चालली आहे.

१६ एप्रिल, गुरु.
पहिल्या बसनं. सूनबाईनं डबा दिला. दारातून म्हणाली, टोपी घाला आई, ऊन आहे.

हंगामानंतरची ही खरड छाटणी. वेल पार मागं खरडायची, म्हणजे पावसाळ्याआधी नव्या काड्या धरतात. जी बाग पुढल्या साली राहणार, तिचीच करतात. दगडूभाऊंनी पलीकडच्या टोकापासून सहा ओळी केलेल्या. रस्त्याकडच्या टोकाला जेसीबी.

ड्रायव्हर लोहगावचा, तरणा गडी. फोन कानाला लावून उभा. "मालक उचलंनात. मला सांगितलंवतं जुनी बाग हाय, टाकलेली. ही तर छाटायला लागलेत. छाटल्याल्या बागंवर बकेट कसं घालू?" मी म्हटलं, नको घालू. "आज्जी, तुम्ही मालकीण का?" म्हटलं, नाही. "मंग?" मी ओळींकडं वळले.

भाऊंनी मान वर केली नाही. बांधावर दुसरी कात्री पडली होती. उचलली, शेजारच्या ओळीत शिरले. मला येत नाही हे काम. बघितलंय फक्त. पहिली काडी कापली, दुसरी कापली.

ओळीपलीकडून आवाज : "एकच डोळा ठेवा. दोन न्हाईत."

कोंब फुटायचा एकच डोळा ठेवला.

मग मी टाकीचं सांगितलं. अर्धी होती. वर साय होती. मी फेब्रुवारीत बघायला हवी होती, बघितली नाही. त्यांची कात्री थांबली नाही. ओळ संपवून वळले तेव्हा विचारलं :

"त्या दिशी खरंच कडू हुती?"

"होती."

"हं."

पुढच्या वेलीपाशी गेले. हं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मानेवरून जे झालं त्यानंतर आपण होऊन अर्थ लावायचा नाही असं ठरवलंय.

बारा वाजता ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, मागं घेतली, बाभळीखाली लावली. धा. मां.चा फोन लागलाच नाही. म्हणाला, उद्या दुपारी येतो, तोवर तुमचं तुम्ही विचारून ठेवा, मला डिझेलचा हिशेब द्यावा लागतोय.

संध्याकाळपर्यंत माझ्या पाच, त्यांच्या सहा. त्यांच्या आधीच्या सहा धरून सतरा. एकतीसपैकी चौदा ओळी राहिल्या. छाटलेल्या जागी वेलीला पाणी सुटलं होतं, थेंब थेंब. निघताना म्हटलं, येते भाऊ. ते कात्रीला तेल घालत होते.

हाताची मूठ उघडत नाही, पेन कसंबसं धरलंय. उद्या बारापर्यंत चौदा ओळी व्हायला हव्यात. गुडघ्याला तेल, मग झोप. सहाची बस चुकवायची नाही.